न आलेल्या पक्ष्यांची नोंद

मी ज्या कंपनीत नोकरी करत होते तिच्याकडे सात विमानतळ चालवायला होते आणि नियमांचं पुस्तक मात्र एकच होतं. ते पुस्तक समुद्रकाठच्या सगळ्यात मोठ्या विमानतळासाठी कुणीतरी फार मन लावून लिहिलेलं होतं. पुढे बाकीचे सहा मिळाले तेव्हा पुन्हा कोण लिहीत बसणार, म्हणून तेच सगळीकडे लागू झालं. त्यामुळे नाशिकच्या आमच्या चिमुकल्या विमानतळावर दरवर्षी त्सुनामीची रंगीत तालीम व्हायची. भोंगा वाजला की प्रवाशांना उंच जागी न्यायचं, असा नियम. आमचं टर्मिनल बैठं, त्यामुळे उंच जागा म्हणजे पाण्याच्या टाकीचा लोखंडी जिना. एका वर्षी मुलाला पोचवायला आलेले देवळ्याकडचे एक आजोबा त्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसले आणि सगळीकडे नीट बघून मला म्हणाले, "बाई, पानी कोठे शे?" मी म्हटलं, "पाणी कागदावर आहे, बाबा." त्यांना ते पटलं असावं, कारण तालीम संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

मी तिथे ड्यूटी मॅनेजर होते. विमानं दिवसाला दोन. एक सकाळी सव्वादहाला उतरून अकराला उडायचं, दुसरं संध्याकाळी. मधल्या वेळात मी कागद भरायचे. टर्मिनलमध्ये गेट एकच होतं, पण त्याच्यावर 'गेट क्रमांक १' अशी मोठी पाटी होती आणि 'गेट बदललं आहे' या घोषणेची चाचणी महिन्यातून एकदा घ्यावीच लागायची. प्रवासी दचकून उठायचे, इकडेतिकडे बघायचे, दुसरं गेट सापडत नाही म्हणून परत बसायचे. पहिल्या वर्षी मी या सगळ्यावर चिडायचे. चिडणं हा माझा स्वभावच आहे, घरी तर माझ्या आवाजाने कुकरची शिट्टी ऐकू येत नाही म्हणतात. पण रोज कोण चिडणार? हळूहळू मी हात टेकले आणि रकाने भरायला शिकले.

आमच्या विमानतळावर खऱ्या अर्थाने काम येणारा माणूस एकच होता, तो म्हणजे मामा. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. त्यांचं पद होतं 'पक्षी नियंत्रण सहायक'. विमान उतरताना किंवा उडताना पक्षी आडवा आला, इंजिनात गेला, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून प्रत्येक विमानतळावर पक्षी हाकलायला माणसं असतात. समुद्राकडच्या विमानतळावर बारा होती. आमच्याकडे एकटे मामा, तेही कंत्राटावर, दरवर्षी नूतनीकरण.

मामा मूळचे पेठकडच्या डोंगरातले. लहानपणी भाताचा दाणा भरायला लागला की ते शेतातल्या माळ्यावर बसून गोफणीने पाखरं राखायचे. पुढे दर हंगामाला द्राक्षाच्या बागांवर मजुरीला खाली यायचे आणि एका हंगामात परत गेलेच नाहीत. विमानतळाच्या भिंतीपलीकडच्या वस्तीत राहायचे. मी आले तेव्हा त्यांनी पंचावन्न ओलांडली होती. त्यांची धाकटी मुलगी नाशिकला नर्सिंग शिकत होती आणि ही नोकरी गेली तर मामांना या वयात पुन्हा रोजाने बागेत छाटणीला जावं लागणार होतं. हे त्यांनी मला कधी रडून सांगितलं नाही. डबा खाताना एकदा सांगितलं, वरणात मीठ कमी आहे सांगावं तसं.

कंपनीने त्यांना फटाके, भोंगा, शिट्टी आणि चमकणारं जॅकेट दिलं होतं. फटाक्यांची पेटी तशीच पडून असायची. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, पाखरू उपाशी असलं तर फटाक्याला भ्यात नाय. आन् पोट भरलेलं असलं तर इकडं येतच नाय." मला वाटलं, काम टाळायला बरं वाक्य शोधून ठेवलंय. म्हणून एका सकाळी मी त्यांच्या जुनाट मोपेडवर मागे बसून त्यांच्याबरोबर गेले.

ते धावपट्टीकडे गेलेच नाहीत. भिंतीबाहेरून फिरले. नांगर चालू झाला की ढेकळांतले किडे वर येतात आणि बगळे ट्रॅक्टरमागे रांगेने चालायला लागतात, तिथून उठले की थेट धावपट्टीवर. म्हणून भिंतीला लागून ज्या नऊ जणांची शेतं होती त्यांना मामांनी सांगून ठेवलं होतं, की विमान उडाल्याशिवाय नांगर घालायचा नाही. हे सांगणं म्हणजे नुसता निरोप नव्हता. त्यांच्या घरच्या हळदीला मामा, बारशाला मामा, दवाखान्यात डबा पोचवायला मामा. रस्त्याकडेला मका वाळत घालणारी एक म्हातारी होती. तिच्या मक्यावर पारव्यांचे थवे यायचे. मामांनी आधी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग सुनेची, आणि मग सहज म्हणाले, "मावशे, अकरापातुर मक्यावर ताडपत्री टाकून ठेव ना." म्हातारीने कुरकुरत टाकली. पुढे फाट्यावरच्या चिकनच्या दुकानात जाऊन आतड्याची बादली खड्ड्यात पुरली की नाही ते स्वतः वाकून बघितलं. कारण बादली उघडी राहिली की घारी येतात. दहाला आम्ही परत आलो. विमान आलं आणि गेलं. आकाशात पाखरू नव्हतं.

"बगा," मामा म्हणाले. बघण्यासारखं काहीच नव्हतं, तेच ते दाखवत होते.

रोज संध्याकाळचं विमान गेलं की मामा माझ्या खोलीत यायचे. टॅबलेटवर दिवसाची पक्ष्यांची नोंद करायची असायची. ती इंग्रजीत, म्हणून मी भरायचे. मामा दारातूनच सांगायचे, "आज बी निल, मॅडम." मी शून्य टाकायचे, ते बोट लावायचे, काचेवर हिरवी टिकली यायची. त्या 'निल'मध्ये त्यांचा सगळा दिवस असायचा. ते म्हणताना त्यांची मान किंचित वर व्हायची.

मग मुख्यालयात एक नवा माणूस आला. त्याचं काम आकडे बघणं. तो होता मराठीच, वयाने तिशीतला, बोलायला अतिशय गोड. मी मनातल्या मनात त्याला आकडेवाला म्हणायचे. त्याने सातही विमानतळांची सगळी कामं एका पडद्यावर आणली. काम चांगलं तर हिरवं, बरं तर पिवळं, वाईट तर लाल. पक्ष्यांच्या कामाचा रकाना होता 'हाकललेले पक्षी'. समुद्राकडच्यांनी महिन्यात काही हजार हाकलले होते. ते हिरवेगार. आम्ही शून्य. आमचा चौकोन लालभडक.

दर सोमवारी सातही विमानतळांची पडद्यावर मीटिंग व्हायची. त्या सोमवारी आकडेवाल्याने समुद्राकडच्या चमूचं अभिनंदन केलं आणि मीटिंग संपल्यावर मला फोन लावला.

"मॅडम, तुमच्याकडे सहायक आहेत, पण काम दिसत नाहीये."

"काम आहे म्हणूनच पक्षी नाहीत," मी म्हटलं.

"पण पक्षी नाहीत तर सहायक कशाला?"

"सहायक आहेत म्हणून पक्षी नाहीत."

"बरोबर. पण त्याचा काही पुरावा?"

मी मामांचं सगळं सांगितलं, नांगर, मका, चिकनची बादली. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, फार छान आहे हे. फक्त ते फोटोसकट अपलोड करा." मी विचारलं, कशाचा फोटो? तो म्हणाला, जे टाळलं त्याचा. मी फोन ठेवला, तशीच तणतणत बाहेर गेले, मोकळ्या धावपट्टीचा फोटो काढला आणि चढवला. पडद्यावर उत्तर आलं, 'चित्रात पक्षी आढळला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' मी पुन्हा प्रयत्न केला. तीनदा. तिसऱ्या प्रयत्नानंतर माझं खातं एका दिवसासाठी बंद झालं.

आठवड्याने पत्र आलं. तीन महिने शून्य राहिल्यास पद अनावश्यक समजून कंत्राट संपवण्यात येईल. दोन महिने आधीच होऊन गेलेले होते.

मी काय करायला हवं होतं हे आता मला चांगलं कळतं. मुख्यालयात जाऊन बसायचं, वाटल्यास भांडायचं. भांडायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण मी सोपं ते केलं. पुस्तकात लिहिलं होतं की दहापेक्षा कमी पक्षी असतील तर फोटो लागत नाही. त्या संध्याकाळी मामा दारातून म्हणाले, "निल, मॅडम," आणि मी लिहिलं, 'टिटव्या, तीन'. मामांनी बोट लावलं. हिरवी टिकली आली.

पहिल्या दिवशी मी तीनावरच थांबले. चौथ्या दिवशी मी बगळे आणले. पुढच्या आठवड्यात एक घार. खोटं सांगत नाही, मला त्यात मजा यायला लागली. ऑफिसात आयुष्यभर दुसऱ्यांचे रकाने भरले, इथे पहिल्यांदा काहीतरी माझ्या मनातलं लिहीत होते. मंगळवारी साळुंक्यांची जोडी, गुरुवारी घार, एकदा तर रागाच्या भरात एक घुबड लिहिलं, सकाळी पावणेअकराला. कुणी काही विचारलं नाही. आमचा चौकोन पिवळा झाला आणि मग हिरवा. मामांच्या कंत्राटाचं नूतनीकरण झालं. त्या दिवशी ते पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब लोकांना काम दिसलं म्हनायचं." मी दोन पेढे खाल्ले. घशाखाली उतरले, याचंच मला आज आश्चर्य वाटतं.

माझी सुट्टी रविवारी असायची. रविवारी मी नसायचे, म्हणून रविवारी पक्षी नसायचे. बदलीवर येणारी मुलगी सांगितलं तेच लिहायची, शून्य.

सहा महिन्यांनी आकडेवाल्याचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "मॅडम, तुमच्याकडे फार वेगळा पॅटर्न मिळालाय. रविवारी तुमच्याकडे पक्षी येतच नाहीत. जगात कुठे असं नसेल." मी म्हटलं, रविवारी आजूबाजूला बाजार नसतो, रहदारी कमी असते, म्हणून असेल. तो म्हणाला, "अगदी शक्य आहे. पण आपण याचा अभ्यास करायला हवा." आधी त्याने सुचवलं की मामांना रविवारी सुट्टी द्यावी. ते मी कसंबसं टाळलं. मग दीड महिन्याने पत्र आलं की रविवारच्या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी दोन जणांची समिती येत आहे, एक स्वतः आकडेवाला आणि एक बाहेरचे पक्षीतज्ज्ञ. बुधवारी दुपारी ते पक्ष्यांची प्रत्यक्ष पाहणी करणार होते.

बुधवारी पक्षी कुठून आणणार? समितीला पाखरू दिसलं नसतं तर आठ महिन्यांच्या माझ्या टिटव्या उघड्या पडणार होत्या. माझी नोकरी गेली असती, आणि मामांचंही पद गेलं असतं. मंगळवारी संध्याकाळी मामा 'निल' सांगायला आले तेव्हा मी त्यांना बसायला सांगितलं.

"मामा, उद्या दुपारी दोनला थोडे पक्षी आणता येतील का?"

"कुठं आनू?"

"धावपट्टीच्या कडेला. गवतात."

"विमान हाय का त्या टायमाला?"

"नाही. संध्याकाळपर्यंत काही नाही."

"मंग आनता येतील," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पर कशापायी?"

इथे मी खरं सांगू शकले असते. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "मुख्यालयातून साहेब येतायत. नांगर लागला की काय होतं आणि तुम्ही ते कसं थांबवता, हे त्यांना बघायचंय." मामांचा चेहरा उजळला. आठ वर्षांत मुख्यालयातून त्यांचं काम बघायला कुणी आलं नव्हतं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "असं व्हय. मंग नीट दाखवू. किती पायजेत?"

मी म्हटलं, "पन्नासेक."

दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले, वर जॅकेट. भिंतीलगतच्या शेतकऱ्याला त्यांनी सकाळीच गाठलं होतं. दोनला पाच मिनिटं कमी असताना पलीकडे ट्रॅक्टर सुरू झाला. सव्वादोनला पहिला बगळा आला. मग चार, मग दहा, मग मोजता येईनात. ट्रॅक्टरच्या मागे मागे शेताच्या टोकापर्यंत आले, भिंतीवरून उडाले आणि आमच्या गवतात उतरले. तज्ज्ञ दुर्बीण लावून खूश झाले. आकडेवाला फोटो काढत सुटला. इतके पांढरेशुभ्र बगळे एकत्र मी त्या विमानतळावर कधीच बघितले नव्हते, आणि मला ते बघून रडू यायला लागलं होतं. का, ते तेव्हा कळलं नाही.

"आता बगा साहेब," मामा म्हणाले. त्यांनी खिशातून फोन काढून शेतकऱ्याला मिस्ड कॉल दिला. ट्रॅक्टर थांबला. आम्ही सगळे उन्हात उभे. दहा मिनिटांत बगळे दोन-दोन, तीन-तीन करून निघाले आणि नदीच्या दिशेने सायखेड्याकडे गेले. गवत रिकामं झालं. मामांनी शिट्टी वाजवली नाही, भोंगा वाजवला नाही.

तज्ज्ञ हिंदीत म्हणाले की हे त्यांनी कुठेच पाहिलेलं नाही. आकडेवाल्याने टॅबलेटवर काहीतरी शोधलं आणि म्हणाला, "मामा, फार छान. पण हे सगळं भिंतीबाहेर आहे ना, ते आपल्या पुस्तकात बसत नाही. आपण भिंतीच्या आतलं बघू. तुम्ही मागच्या महिन्यात एकशे सदतीस पक्षी हाकललेत. त्याआधी एकशे बारा. ते कसे हाकलले ते सांगा."

मामांना वाटलं तो दुसऱ्या कुठल्या विमानतळाचं वाचतोय. "आमच्याकडं नाय, साहेब."

"तुमच्याकडचंच आहे. हे बघा, तुमचं बोट आहे रोज."

"एक बी नाय आला," मामा म्हणाले. "मी असताना पट्टीवर पाखरू आलं असं कोन म्हनतं?"

आकडेवाला समजुतीने हसला. "मामा, डेटा आहे हो."

"आसंल. पर पाखरू नाय आलं."

मग मामांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रोज नोंद मी करते, म्हणून मीच सांगेन, इतक्या साध्या भरवशाने बघितलं. तज्ज्ञही माझ्याकडे बघायला लागले. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की मामा खरं बोलतायत, आकडे माझे आहेत. सहा शब्द. मी म्हटलं, "ऊन फार आहे, आपण आत बसून बोलू या का?"

आम्ही आत जाऊन बसलो. चहा आला. मामा आत आले नाहीत.

समितीचा अहवाल पंधरा दिवसांत आला. आमच्याकडे पक्ष्यांचा धोका गंभीर आहे, समितीने तो डोळ्यांनी पाहिला आहे, सबब एकाऐवजी तीन पदं मंजूर करावीत. सध्याच्या कर्मचाऱ्याला मात्र स्वतःच्याच कामाची माहिती नाही, विचारलं असता तो पक्षी येत असल्याचंच नाकारतो. सबब नव्या पदांसाठी पदवीची अट असावी. रविवारबाबत अधिक अभ्यासाची गरज आहे. पद वाचवायला मी जे लिहीत गेले होते त्याने पदाची तीन पदं झाली होती आणि माणूस तेवढा गेला होता.

त्या रात्री मी मुख्यालयाला सगळं खरं लिहून पाठवलं. नोंदी मी केल्या, मामांना माहीत नव्हतं, शिक्षा मला करा. चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'हा कालावधी बंद झालेला असल्याने नोंदींत बदल शक्य नाही. सूचनेबद्दल आभार.' खाली पाच चांदण्या होत्या, या उत्तराने तुमचं कितपत समाधान झालं ते कळवा म्हणून. मी आकडेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार भावनिक होताय. बगळे तर मी स्वतः बघितले." मी ओरडले, शिव्या द्यायच्याच तेवढ्या बाकी ठेवल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तणावासाठी कंपनीची एक मोफत हेल्पलाइन आहे असं सांगितलं. मला शिक्षासुद्धा मिळाली नाही.

मामांचा शेवटचा दिवस शनिवारी होता. जवळच्या एका वायनरीत त्यांना राखणदाराचं काम मिळण्यासारखं होतं, पण तिथे अनुभवाचा दाखला मागितला होता. दाखला मिळवायचा तर पुस्तकाप्रमाणे जाणाऱ्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या नोंदी छापून घेऊन प्रत्येक पानावर 'वरील माहिती बरोबर आहे' म्हणून सही करायची. शून्याचे दिवस छापले जात नसत, तरी एकतीस पानं निघाली. मी ती टेबलावर ठेवली आणि पेन पुढे केलं.

"वाचा," मामा म्हणाले.

"काय?"

"काय लिवलंय ते वाचा. सही करायची तर कळाया पायजे ना."

मी वाचायला लागले. सोमवार, दुपारी बारा, टिटव्या तीन. मंगळवार, साळुंक्या दोन. ते समोर खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. मधेच म्हणाले, "टिटवी अशी उनात चालत यायची नाय." मी पुढे गेले. "घार पावसात? पंख भिजल्यावर?" मी पुढे गेले. घुबडापाशी आले तेव्हा त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी सगळी पानं वाचली, थांबा असं त्यांनी म्हटलं नाही.

शेवटच्या पानावर तो बुधवार होता, त्यानंतर मी एकही पक्षी लिहिला नव्हता. "बगळे, अठ्ठेचाळीस," मी वाचलं.

"साठ व्हते," मामा म्हणाले. "त्ये मी आनले व्हते."

त्यांनी पेन घेतलं, अठ्ठेचाळीस खोडून साठ केले आणि तेवढ्याच ओळीसमोर सही केली. बाकीची पानं माझ्याकडे सरकवली.

"मामा, सगळ्या पानांवर केली नाही तर दाखला मिळणार नाही."

"रोज पाखरू येत व्हतं, असं मी लिवून देऊ? मंग मी आठ वरसं काय झोपलो व्हतो का?"

"मी तुमची नोकरी वाचवायला लिहिलं," मी म्हटलं. ते खरं होतं, पण तोंडातून बाहेर पडल्यावर अगदी फडतूस वाटलं.

"आसंल," ते म्हणाले. "पर मला इचारायचं."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"नाय."

मी खणातून कोरा कागद काढला आणि मराठीत लिहिलं, की हे गृहस्थ आठ वर्षं आमच्याकडे होते आणि त्यांच्या कामाच्या वेळेत धावपट्टीवर एकही पक्षी आला नाही. खाली माझं पद घातलं, सही केली. कागद त्यांना दिला. मराठी त्यांना वाचता यायचं. त्यांनी बोट ठेवून सावकाश सगळं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. मग कागद उलटा करून मागची बाजू बघितली.

"यावर कंपनीचा शिक्का?"

"तो मला मारता येणार नाही. कंपनीच्या मते पक्षी आलेत."

त्यांनी मान हलवली. जॅकेट काढून घडी घातली, शिट्टी त्याच्यावर ठेवली, फटाक्यांची न फोडलेली पेटी मोजून घ्या म्हणाले. मी मोजली. सगळ्या वस्तू मिळाल्याची पावती मी दिली तेव्हा त्यांनी ती खिशात ठेवली आणि माझा कागद टेबलावर माझ्याच बाजूला सरकवला.

"ह्यो तुमीच ठेवा, मॅडम," ते म्हणाले. "ह्ये त्या दिवशी उनात बोलाया पायजे व्हतं."